विदर्भातून कोकणची दीपगृहं पाहायला जाताना: आधी संध्याकाळ धरा, मग गाडी

आमच्या दारव्हा-दिग्रस भागातून कोकणात जाऊन आलेल्यांना विचारलं, ‘दीपगृह पाहिलं का?’, तर उत्तर ठरलेलं असतं: ‘पायलं ना, पण बाहेरूनच. बंद होतं.’ ते बंद नव्हतं. हे लोक भर बारा वाजता जाऊन पोचले होते. मीही पहिल्या खेपेला हेच केलं. दुपारच्या उन्हात फाटकाचे गज धरून पंधरा मिनिटं उभा होतो. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा आमची गाडी पुढच्या गावाला लागली होती.

चूक होते ती आखणीच्या दिशेत. आपण घरून निघतो, गाडी जिथं नेईल तिथं पोचतो आणि पोचलो की पाहतो. देवळाला, किल्ल्याला हे चालतं, दीपगृहाला चालत नाही. तिथं संध्याकाळचे दीड-दोन तास हा खुंटा आहे. गाडी, मुक्काम, जेवण, सगळी दावणी त्यालाच बांधायची. पुढचे टप्पे त्याच क्रमानं दिलेत. क्रम उलटा केला की फसगत होते.

टप्पा १: दिवस मोजू नका, संध्याकाळी मोजा

बहुतेक दीपगृहं पाहुण्यांसाठी दुपारी चारच्या सुमारास उघडतात आणि साडेपाच-सहाला बंद होतात. काही ठिकाणी वेळ थोडी वेगळी असते, मधूनच बदलतेही. पण हिशेब करताना चार ते साडेपाच हीच वेळ धरा. याचा अर्थ साधा आहे: एका संध्याकाळी एक दीपगृह. दोन दीपगृहांमध्ये वीस किलोमीटर अंतर असलं तरी कोकणातला रस्ता टेकड्या चढतो, उतरतो, खाडीला वळसा घालतो. ‘चारला हे आणि पाचला ते’ असा बेत कागदावरच राहतो.

म्हणून वहीत तारखा लिहू नका, ‘संध्याकाळ १, संध्याकाळ २’ असं लिहा. चार दीपगृहं पाहायची तर पाच संध्याकाळी ठेवा. पाचवी राखीव. दुरुस्ती, पाहणीला आलेले साहेब, बंद पडलेली एसटी, यातलं काही ना काही आडवं येतंच.

तपासा: जातानाचे आणि येतानाचे दिवस धरून चार दीपगृहांना आठ दिवस लागतात. तेवढे नसतील तर रत्नागिरी आणि जयगड ही दोनच धरा. पाच दिवसांत होतं. चारचा बेत पाच दिवसांत कोंबणाऱ्याचं एकही नीट होत नाही.

टप्पा २: महिना शेताकडं आणि समुद्राकडं, दोन्हीकडं पाहून ठरवा

जून ते सप्टेंबर नको. पाऊस आडवा येतो, मनोऱ्याच्या वरच्या गॅलरीत जाऊ देत नाहीत, खाडीतल्या बोटींच्या फेऱ्या बेभरवशाच्या होतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकही वेगळं असतं आणि गाड्या हळू चालतात.

दिवाळीनंतर हवा चांगली, पण आपल्याकडं कापसाची वेचणी सुरू असते. मजूर सोडून कोण निघणार? शिवाय दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत किनाऱ्यावर मुंबई-पुण्याची गर्दी असते, खोलीचे भाव दुप्पट. तूर निघाली की जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य, हा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. हरभरा घरात आल्यावर मार्चमध्येही चालेल.

मे महिन्यात जाणाऱ्यांना एक सांगतो. ‘आम्ही पंचेचाळीस डिग्री काढतो, तिकडचं तेहतीस काय करणार?’ हे मी माझ्याच तोंडानं बोललेलो आहे. आपलं ऊन कोरडं. घाम येतो आणि उडून जातो. तिकडं हवेत इतका ओलावा असतो की घाम वाळतच नाही. अंग थंड व्हायची वाटच बंद होते आणि दमट जिन्यात चढताना चक्कर येते. आमच्यातला सगळ्यात दणकट गडी अशानंच जिन्यात बसला होता.

टप्पा ३: दक्षिणेकडून वर या

पहिल्यांदा जाणाऱ्यानं हा पट्टा धरावा: देवगड, रत्नागिरी, जयगड, आणि गुहागरजवळच्या अंजनवेलचं टाळकेश्वर. चारही मुख्य भूमीवर आहेत, बोटीनं बेटावर जावं लागत नाही. थळच्या समोरचं खांदेरी बेटावरचं १८६७ सालचं दीपगृह मोहात पाडतं, पण तिथं बोट, भरती आणि परवानगी या तिन्हींचं गणित जुळावं लागतं. ते दुसऱ्या खेपेला.

क्रम दक्षिणेकडून उत्तरेकडं ठेवा. एकदाच लांब खाली उतरायचं आणि मग रोज थोडं थोडं घराकडं सरकत यायचं. शेवटच्या दिवशी थकलेलं असताना देवगडहून विदर्भ गाठणं आणि चिपळूणहून (गुहागरकडून परतीचं स्टेशन) गाठणं यात लय फरक आहे.

- देवगड: दीपगृह किल्ल्याच्या आवारात, १९१५ सालचं. एसटी स्टँडवरून रिक्षा मिळते. उतरायचं स्टेशन कणकवली किंवा नांदगाव रोड. तिथून पुढं एसटीनं दीड-दोन तास.
- रत्नागिरी: रत्नदुर्ग किल्ल्याच्या बाजूला. या जागी पहिलं दीपगृह १८६७ मध्ये झालं. इथं लोक हमखास चुकतात. भगवती देवीचं देऊळ आहे तो बालेकिल्ला वेगळा आणि दीपगृहाची टेकडी वेगळी. देवळापाशी रिक्षा सोडली की मधली घळ उतरून पुन्हा चढावं लागतं आणि अर्धा तास तिथंच जातो. रिक्षावाल्याला ‘किल्ल्यावर’ म्हणू नका, ‘लाइटहाऊसला’ म्हणा.
- जयगड: हा मनोरा लोखंडी आहे. मुक्काम जयगडलाच किंवा वीसेक किलोमीटरवरच्या गणपतीपुळ्याला. पुळ्याला राहणार असाल तर परतीची रिक्षा आधीच ठरवा. अंधार पडल्यावर एसटीच्या भरवशावर राहू नका.
- टाळकेश्वर: अंजनवेलला, गोपाळगडाच्या अंगाला. मुक्काम गुहागर.

सावध: तिकडं ‘दीपस्तंभ कुठं आहे?’ असं विचारलं की एखादे आजोबा देवळातल्या दीपमाळेकडं बोट दाखवतात. सरळ ‘लाइटहाऊस’ म्हणा, पोरासोरांनाही कळतं. आणि आपलं ‘का बे’ घरी ठेवून जा. आपल्याकडं ती माया असते, तिकडं भांडणाची सुरुवात वाटते.

टप्पा ४: आता तिकीट

पहिले तीन टप्पे झाल्याशिवाय तिकिटाला हात लावू नका. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, आधी एकशेवीस दिवस होते, जुन्या सवयीनं बसू नका). म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला निघायचं तर डिसेंबरच्या सुरुवातीला तिकीट.

सोयीची गाडी म्हणजे नागपूर-मडगाव. वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ करत पनवेलहून कोकणात उतरते. ती खास गाडी म्हणून चालते, मुदत वाढवत वाढवत नेतात आणि आठवड्यात मोजक्याच दिवशी असते. त्यामुळं तुमच्या तारखेला ती आहे का, हे आधी पाहा. नसेल तर दोन वाटा: गोंदियाहून निघणाऱ्या महाराष्ट्र एक्सप्रेसनं कोल्हापूर आणि तिथून एसटीनं घाट उतरून कोकण, नाहीतर विदर्भ एक्सप्रेससारखी मुंबईची गाडी धरून पुढं कोकण रेल्वे. कोल्हापूरची वाट लांबची, पण रोज आहे. घाटात गाडी लागणाऱ्यांनी रिकाम्या पोटी बसू नये आणि भरल्या पोटीही नको. आपला सगळा मुलूख सपाट, वळणांची सवय नाही. खिडकी आणि ओवा जवळ ठेवा.

स्वतःची चारचाकी काढणाऱ्यांना एवढंच सांगतो: समृद्धी महामार्ग तुम्हाला मुंबईच्या तोंडाशी लवकर नेतो, म्हणून तोच वेग पुढंही राहील असं धरू नका. कोकणात शंभर किलोमीटरला तीन तास धरा.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट प्रवास आहे. आधार कार्ड मूळ न्या. आठवडाभर एसटीनंच फिरणार असाल तर ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास निघतो. घरच्या आगारात चौकशी करून भाड्याची बेरीज मांडा. सोबत बायका आणि म्हातारी माणसं असली की सवलतीचं तिकीट बरेचदा पासापेक्षा स्वस्त पडतं.

तपासा: परतीची गाडी रात्री बारानंतरची आहे का? चिपळूणला रात्री साडेबाराला येणारी गाडी म्हणजे दुसऱ्या दिवसाची तारीख. शनिवारी रात्री स्टेशनावर जायचं असेल तर तिकीट रविवारचं हवं. हे चुकलं की चोवीस तास आधी गेलेल्या गाडीचं तिकीट हातात राहतं.

टप्पा ५: एक फोन, निघण्याआधी

दीपगृहं केंद्र सरकारच्या दीपस्तंभ व दीपपोत महासंचालनालयाकडं आहेत, राज्याच्या पर्यटन खात्याकडं नाहीत. त्यामुळं एमटीडीसीच्या खिडकीवर वेळ विचारून उपयोग नाही. महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर चौकशी करा. मुक्कामाच्या घरमालकालाही आदल्या दिवशी विचारायला सांगा. हे दुसरं जास्त कामाचं. गावातल्या माणसाला फाटकावरचा माणूस माहीत असतो.

तीन गोष्टी विचारा: आज-उद्या चालू आहे का, आत कधीपर्यंत सोडता, आणि वर किती जणांना एकदम नेता. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि चौदा जणांचं कुटुंब घेऊन जातो. वरची खोली लहान असते. चौदांचे तीन गट होतात आणि शेवटच्या गटाची वेळ संपते.

शाळेची सहल असेल तर हे फोनवर भागत नाही. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र, मुलांची यादी आणि तारीख घेऊन मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयाकडं महिनाभर आधी लिहा.

टप्पा ६: सामान

थोडकंच न्या. मागं पट्टा असलेली चप्पल किंवा बूट न्या, सपाता नको. जिन्यातल्या लोखंडी पायरीवरून सपाता निसटते आणि खालच्याच्या डोक्यावर पडते. बायकांनी त्या दिवशी ओढणी बांधून घ्यावी, साडी असेल तर पदर खोचावा. वर वारा नुसता ओढतो. टोपी वर नेऊच नका, गेलेली टोपी परत येत नाही.

सुट्टे पैसे न्या. तिकीट नाममात्र असतं, कॅमेऱ्याचं वेगळं. टेकाडावर मोबाईलची रेंज दगा देते, तेव्हा नुसत्या यूपीआयवर विसंबू नका. पाण्यात चिमूटभर मीठ आणि साखर घाला. जवसाची किंवा तिळाची चटणी सोबत असू द्या. मासे न खाणाऱ्यांचं तिकडच्या गोडसर आमटीवर आठवडाभर भागत नाही, हे अनुभवाचे बोल आहेत.

टप्पा ७: दुपार कशी काढायची

त्या दिवशी साडेतीनला फाटकाशी असा. पहिल्या गटात गेलात तर वर उभं राहायला निवांत मिळतं. सकाळ देऊळ, बाजार, बंदर यांना द्या. एक वाजता जेवा, पण थाळीवर तुटून पडू नका. तीन तासांनी गोल जिना चढायचा आहे.

समुद्रात उतरायचं असेल तर ते दीपगृहाखाली कधीच नको. विहिरीत मुटका मारणारा आपला पोरगा समुद्राला विहीरच समजतो. तिथं खडक आहेत म्हणून तर जहाजांना इशारा द्यायला ते दीपगृह बांधलं. खडकावर शेवाळ असतं, आणि लाट आणते त्यापेक्षा ओढून नेते जास्त.

टप्पा ८: चढणं

पिशव्या खाली ठेवा. दोन्ही हात मोकळे हवेत.

गोल जिन्यात पायरी मधल्या खांबाकडं निमुळती आणि भिंतीकडं रुंद असते. रुंद बाजूनं चाला, पूर्ण पाऊल मावतं. दम लागला तर पायरीवर बसू नका, मागच्यांची वाट अडते. मधल्या खिडकीच्या टप्प्यावर थांबा. शेवटचा भाग बरेचदा सरळ उभी लोखंडी शिडी असतो. तिथं एका वेळी एकच माणूस. वरचा पूर्ण चढल्याशिवाय खालच्यानं पाय ठेवू नये.

गुडघेदुखी असणाऱ्यांनी शिडीपर्यंत यावं आणि तिथूनच परतावं. त्यात कमीपणा नाही. लहान लेकराला कडेवर घेऊन शिडी चढायची नाही, कोणी कितीही ‘काही नाही होत’ म्हटलं तरी.

टप्पा ९: भिंगाची खोली आणि गॅलरी

बहुतेक लोक इथं पाच मिनिटंही काढत नाहीत. फोटो काढतात आणि उतरतात. खरं म्हणजे एवढी धावपळ या खोलीसाठीच होती.

दिव्याभोवती काचेच्या कड्यांचं जे भिंग दिसतं ते फ्रेनेल पद्धतीचं. एकच जाड भिंग केलं असतं तर ते अवजड झालं असतं. म्हणून त्याच्या पायऱ्या पाडून गोल कडी बनवली. चारी बाजूंना विखुरणारा उजेड ही कडी वाकवून आडव्या झोतात आणतात. त्यामुळं आतला दिवा तुम्हाला वाटतो त्याहून बराच लहान असतो. दाखवणाऱ्याला विचारा, ‘साहेब, दिवा कोणता?’ तो दाखवतो तेव्हा सगळ्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. आमच्या काकांनी तर ‘आमच्या गोठ्यातला याहून मोठा आहे’ म्हणून टाकलं.

भिंगाला बोट लावू नका. घामाचा तेलकट डाग उजेड खातो आणि तो पुसायला वेगळी निगुत लागते. दिवसा खोलीचे पडदे ओढलेले असतात, ते सरकवू नका. भिंग आतला उजेड बाहेर फेकतं, तसंच बाहेरचं ऊन आत एका जागी गोळा करतं. लहानपणी आपण काचेनं कागद जाळायचो, तीच गोष्ट.

एक प्रश्न जरूर विचारा आणि उत्तर वहीत लिहा: ‘या दिव्याची लुकलुक कशी आहे?’ प्रत्येक दीपगृहाची खूण वेगळी ठेवलेली असते. किती वेळा चमकणार आणि किती सेकंदांनी पुन्हा, यावरून खलाशी रात्री जागा ओळखतो. हे पुढच्या टप्प्याला लागणार आहे.

गॅलरीत गेलात की एक हात कठड्यावर असू द्या. मोबाईलला दोरी लावा. ड्रोन उडवायचा नाही, यंत्राचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. क्षितिज किती लांब आहे याचा हिशेब करायचा असेल तर समुद्रापासूनच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा आणि साडेतीननं गुणा. शंभर मीटर उंचीवरून साधारण पस्तीस किलोमीटर. दारव्ह्याहून यवतमाळ जवळपास तेवढंच.

सावध: उतरताना शिडीकडं तोंड करूनच उतरा. चढताना घाबरलेले लोक उतरताना निर्धास्त होतात, आणि पाय तेव्हाच घसरतो.

टप्पा १०: खाली आलात, लगेच निघू नका

दिवा सूर्यास्ताला लागतो. आपल्याकडच्या घड्याळानं चालाल तर चुकाल. किनारा आपल्या पश्चिमेला असल्यानं तिकडं सूर्य उशिरा मावळतो, हिवाळ्यात तर नागपूरपेक्षा जवळजवळ अर्धा तास. ‘सहा वाजले, अंधार पडेल’ म्हणून लोक निघून जातात आणि दिवा लागताना पाहायचाच राहतो.

मनोरा दिसेल अशा किनाऱ्यावर किंवा रस्त्याच्या कडेला बसा. वहीतली लुकलुक काढा आणि मोबाईलवर वेळ मोजा. एका फेरीची वेळ मोजली तर बोट मागंपुढं होतं. दहा फेऱ्या मोजून दहानं भागा. फेरी म्हणजे एका चमकेपासून तशाच चमकेपर्यंत. मधला अंधार तेवढा मोजायचा नाही. पोरांना हे काम द्या, मोबाईल त्यांच्याच हातात असतो.

टप्पा ११: पुढचं गाव आणि खाडी

नकाशावर जयगड आणि समोरचं तवसाळ हाकेच्या अंतरावर दिसतात. मधे शास्त्री नदीची खाडी आहे. गाडीसकट नेणारी फेरीबोट आहे, त्यामुळं काही मिनिटांत पलीकडं. ती चुकली तर खाडीला पूर्ण वळसा. म्हणून जयगडचं दीपगृह संध्याकाळी पाहून, रात्र तिथं काढून, सकाळच्या बोटीनं तवसाळला उतरा. मग हेदवी, वेळणेश्वर करत दुपारच्या जेवणाला गुहागर. पहिल्या आणि शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावर जाऊन आदल्या दिवशीच विचारा. मोबाईलवरची वेळ जुनी असू शकते.

भरतीचा अंदाज भिंतीवरच्या कॅलेंडरवरून निघतो. कोकणातल्या मावशी हे बोटांवर सांगतात: तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा कमी. हा अंदाजच, थोडं मागंपुढं धरा. पण खडकावरून चालत जायचं असेल तर तेवढ्यानं जीव वाचतो.

राखीव संध्याकाळ शेवटपर्यंत खर्च झाली नसेल तर गुहागरलाच काढा. दुसऱ्या दिवशी चिपळूणला एसटीनं निघताना गाडीच्या वेळेआधी निदान तीन तास ठेवा. तिकडचा चालक चहाला थांबला की थांबतो.